वीस वर्षे उभी असलेली जावा मोटारसायकल सुरू करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सांगलीकर:
नमस्कार. माझ्या आजोबांची १९६९ सालची, म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली जावा २५० सांगलीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत सुमारे वीस वर्षांपासून उभी आहे. याच गाडीवरून ते रोज द्राक्षबागेत जात असत, त्यामुळे ती भंगारात द्यावी असे घरात कोणालाही वाटत नाही. किक अर्ध्यावरच अडकते, टाकीत गंज दिसतो आणि बॅटरी केव्हाच काढून टाकलेली आहे. ओळखीच्या एका मेकॅनिकने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलायला सांगितले आहे. मला या कामाचा काहीही अनुभव नाही. ढकलून पाहावे का?

जुनाजाणता:
कृपया ढकलू नका. किक अडकते, म्हणजे पिस्टन गंजामुळे सिलिंडरला धरला असण्याची शक्यता मोठी आहे. तो चाकाच्या जोराने सुटला, तरी पिस्टनवरच्या रिंगा मोडतात किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात. त्याऐवजी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे डिझेल आणि तेवढेच इंजिन ऑइल सोडा, भोकावर कापड लावून चार दिवस थांबा आणि मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढेमागे थोडे थोडे हलवा. अंगाचा जोर लावू नका.

पिस्टन मोकळा झाला की लगेच किक मारण्याचा मोह होईल, पण त्याआधी क्रँकची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची, दोन्ही बाजूंची ऑइल सील (रबरी कडी) बदला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या कप्प्यात, ओढले जाते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते, म्हणून ही सील हवाबंद असावीच लागतात. वीस वर्षांत मात्र त्यांचे रबर कडक होऊन जाते. डायनॅमोकडचे, म्हणजे उजवे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापून सीझ होते, म्हणजे पिस्टन अडकून बसतो. क्लचकडचे डावे सील गेले, तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. माझी पहिली जावा मी सील न बदलताच सुरू केली होती. ती छान वाजत होती, त्या आनंदात मी गावाबाहेर पडलो आणि चढावर मागचे चाक एकदम जाम झाले. पुढे सिलिंडर आतून कातून (बोअर करून) मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला.

सहा व्होल्ट:
विजेच्या बाजूबद्दल लिहितो. या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते, त्यामुळे बॅटरी नसताना कितीही किका मारल्या तरी उपयोग नाही. बॅटरी ६ व्होल्टचीच घ्या. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांच्यातील अंतर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) ०.४ मिलिमीटर ठेवा. टाकीचा कॉक काढून भोक बंद करा, आत पांढरे व्हिनेगर रात्रभर भरून ठेवा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी पूर्ण वाळवा. कार्बोरेटर खोलून जेटमधून (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रातून) पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा. एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल घाला. ब्रेकचे लायनर आणि टायर नवे असल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वीस वर्षांचे रबर तडकलेले असते.

जुनाजाणता:
कागदपत्रांचेही पाहा. आरसी आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते; तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. आजोबांसारखे बागेत जायचे असेल, तर साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्या.

सांगलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. चौथ्या दिवशी चाक दोन बोटे हलले, सहाव्या दिवशी पूर्ण फिरले आणि प्लगच्या भोकातून तांबूस काळे ऑइल बाहेर आले. दोन्ही सील मागवली आहेत. आरसी साध्या नोंदणीचीच ठेवणार आहे. हे सगळे पाहून आजीने काल देव्हाऱ्याच्या खणातून गाडीची खिळ्यासारखी किल्ली काढून दिली. ती हरवली, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.