वेळेवर आलेले हप्ते म्हणजे पुरावा नव्हे
गुंतवणूक योजनेत फसलेल्यांबद्दल ‘लोकांना हाव नडते’ असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. महिना 10 टक्के परताव्याच्या योजनेत माणूस फसतो तो वेळेवर जमा झालेल्या पहिल्या तीन-चार हप्त्यांमुळे. हिशोब बघा: 100 जणांचे लाख-लाख म्हणजे एक कोटी. एजंटाचे 5 टक्के गेले, उरले 95 लाख; महिन्याला वाटायचे 10 लाख. नवा रुपया आला नाही तरी योजना नऊ महिने बिनबोभाट चालते! तोवर कोल्हापुरात राजारामपुरीतला माणूस मोबाइलवर जमा रक्कम दाखवून कागलच्या मेव्हण्याला सोनं तारण ठेवायला लावतो.

हप्ता चुकला की ‘तक्रार केली तर उरलेलंही बुडेल’ म्हणून सगळे गप्प बसतात, तेच घातक. 1999 च्या एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या) कायद्याखाली योजनावाल्यांची मालमत्ता जप्त करता येते, पण उशीर झाला तर जप्तीला उरतंच काय? कृपा करून लगेच आर्थिक गुन्हे शाखेकडे जा.