पेरूत उरुबांबाला दोन महिने घर सांभाळायचंय – सल्ला हवा

रानजाई

जून-जुलैमध्ये उरुबांबाजवळच्या एका गावात ओळखीच्या जोडप्याचं घर सांभाळायचं ठरतंय. राहणं फुकट. त्या बदल्यात दोन कुत्री, सहा कोंबड्या, दहाएक गिनीपिग आणि परसबाग बघायची. घर मातीच्या विटांचं आहे. मुख्य न्हाणीला गॅसचा गीझर, मागच्या न्हाणीत विजेचा शॉवर. आम्ही दोघं शाकाहारी, आणि एकाचं काम भारतातल्या वेळेनुसार ऑनलाइन.

माचू पिच्चूला कसं जायचं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, ते नको. गॅस संपला तर काय, डाळ शिजते का, पाणी प्यायचं कुठलं, जनावरांचं काय बघायचं, असं रोजचं हवंय. कुकर इथून न्यावा का, हाही घरात वादाचा विषय झालाय.

उंबरठा

आधी उंचीचं बघा. विमान उतरतं कुस्कोला, ३४०० मीटरवर. उरुबांबा साधारण २८७० मीटरवर आहे. म्हणून पहिली रात्र कुस्कोत काढू नका, विमानतळावरून थेट खाली जा. कुस्कोत पावितोस नावाच्या रस्त्यावरून उरुबांबाच्या सामायिक गाड्या सुटतात, भरली की निघते, दीडएक तास लागतो. वाटेत चिंचेरोला रस्ता ३७०० च्या वर चढतो आणि मग उतरतो, तेवढ्यानं काही होत नाही. झोपायची उंची महत्त्वाची. पहिले दोन दिवस जेवण हलकं, दारू नको, लाकडं फोडणं वगैरे नकोच. ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. कोकाचा चहा तिथे घरोघरी मिळतो, प्या. पण पानं किंवा पुड्या परत येताना सामानात ठेवू नका, बहुतेक देशांत ते बेकायदा आहे. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर चहाही टाळा, चाचणीत तो उमटतो.

दुसरं, मालक निघायच्या किमान दोन दिवस आधी पोचा. घर हातात घेताना या गोष्टी बघून, फोनवर फोटो काढून ठेवायच्या: पाण्याचा मुख्य कॉक, टाकीचा कॉक, विजेचे ब्रेकर आणि कुठला कशाचा ते, गॅसचा रेग्युलेटर, गॅसवाल्याचा आणि प्लंबरचा नंबर (प्लंबरला तिथे गासफितेरो म्हणतात, गॅसच्या कामाचा माणूस वेगळा), जनावरांचा डॉक्टर, आणि गावातली एक शेजारीण जिच्याकडे जादा किल्ली आहे.

बाग असेल तर पाण्याची पाळीही विचारा. त्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी पाटाचं पाणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासालाच मिळतं. आपल्या वेळेला जाऊन फळी उचलायची, वेळ संपली की खाली टाकायची. पाळी चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत काही नाही, आणि दुसऱ्याच्या वेळेत फळी उघडी राहिली तर भांडण. गावकीच्या श्रमदानाला फाएना म्हणतात, प्रत्येक घरातून एक माणूस जावं लागतं, नाहीतर दंड. मालकांच्या जागी कोण जाणार हे आधीच ठरवून घ्या.

शिट्टीमोज

डाळ शिजते, पण उघड्या पातेल्यात फार वेळ घेते. २९०० मीटरला पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे जोरात येतात, पण ताप कमी असतो, त्यामुळे राजमा-छोले पातेल्यात तासन्‌तास टणकच राहतात आणि भाताचा कण आत कच्चा राहतो. कुकरशिवाय भागणार नाही.

कुकरमध्येही घरच्या शिट्ट्यांचा हिशोब चालत नाही. शिट्टीचं वजन आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ठेवायचा तेवढंच ठरवतं. बाहेरची हवाच विरळ, म्हणून आत १२० ऐवजी ११५ अंशांच्या आसपास मिळतात. वेळ घड्याळावर लावायचा: पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घरी दहा मिनिटं लागत असतील तिथे चौदा-पंधरा. राजमा, छोले बारा तास भिजवायचे, भिजवताना चिमूटभर सोडा. पाणी मात्र वाढवू नका, बंद कुकरमधून जास्तीची वाफ जात नाही. चहा नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त उकळा, नाहीतर रंगच उतरत नाही. ढोकळा-केकमध्ये सोडा थोडा कमी, विरळ हवेत पीठ भराभर फुगतं आणि मग मधे बसतं.

बाजारात तूरडाळीच्या मागे लागू नका. लेंतेहा म्हणजे अख्खा मसूर आणि अर्वेहा पार्तिदा म्हणजे वाटाण्याची डाळ सगळीकडे मिळते. वाटाण्याच्या डाळीची आमटी चांगली होते. गार्बान्सो म्हणजे छोले. जिऱ्याला कोमिनो म्हणायचं. हळद पालियो नावानं पुडीत मिळते, पण काही पुड्यांत नुसता रंग असतो, घरून आणलेली बरी. मोहरी, हिंग, कढीपत्ता मिळेल असं धरू नका, पण कस्टमच्या नियमांत काय बसतं ते बघून न्या. कोथिंबिरीला कुलांत्रो. रोकोतो ही लाल, गोल, काळ्या बियांची मिरची साध्या ढोबळीसारखी दिसते, तिची भाजी करायला जाऊ नका. किविचा म्हणजे राजगिरा, तोही लाह्या करून पिशवीत विकतात, उपवासाची सोय झाली. किनवा घेतला तर फेस यायचा थांबेपर्यंत चोळून धुवा, नाहीतर कडू लागतो.

पोळ्यांसाठी पीठ घेताना पाकिटावर 'सिन प्रेपारार' लिहिलेलं बघा. 'प्रेपारादा' असेल तर त्यात खायचा सोडा आधीच घातलेला असतो, पोळी फुगत नाही, भाकरीसारखी जाड आणि खारट होते. 'इंतेग्राल' म्हणजे कोंड्यासकट, आपल्या कणकेला जवळ.

बाहेर खाताना 'सिन कार्ने' (मांस नको) एवढंच सांगून भागत नाही, चिकन त्यात धरत नाहीत. सिन कार्ने, सिन पोयो (चिकन नको), सिन पेस्कादो (मासे नको) असं तिन्ही म्हणायचं, आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारायचं.

पान्हा

गॅसचं. १० किलोचा सिलिंडर असतो, फोन केला की मोटारसायकलवर घरी येतो. वॉल्व्ह दोन प्रकारचे, नॉर्मल आणि प्रीमियम, आणि एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. रेग्युलेटरचा फोटो गॅसवाल्याला पाठवला की चुकीचा सिलिंडर येत नाही. जोडल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. रबरी वायसर चिरला असेल तर तिथूनच गळतं, एक जादा घेऊन ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. वास आला तर दार उघडायचं, दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही.

दोघांच्या दहा-दहा मिनिटांच्या अंघोळीला गीझर रोज अर्धा किलोच्या आसपास गॅस खातो, त्यात स्वयंपाक धरला तर एक सिलिंडर दोन आठवडे. म्हणून दुसरा भरलेला घरात हवाच. गीझर पेटत नसेल तर आधी त्यातले सेल बदला, बहुतेकांत मोठे दोन लागतात. पेटून लगेच विझत असेल तर पाण्याचा दाब कमी आहे, शॉवरची जाळी काढून वाळू झटका. जूनमधल्या थंड पहाटे निम्म्याहून कमी उरलेला सिलिंडर ज्योत धरत नाही, तेव्हा सिलिंडर गेला असं समजू नका, ऊन चढल्यावर बघा. तो तापवायला आगीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू नका. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली तर गीझर बंद करून माणूस बोलवा. गीझर न्हाणीच्या आत असेल तर वापरायचाच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेच्या शॉवरचा नियम एकच: आधी पाणी, मग बटण, आणि बंद करताना उलट. पाण्याशिवाय चालू राहिला की आतली कॉइल जळते, तिला रेसिस्तेन्सिया म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मागायचं, जुनी काढून सोबत न्या. ५५०० वॉटचा शॉवर २२० व्होल्टला २५ अँपिअर ओढतो. त्याला वेगळा ब्रेकर, निदान ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग नसेल तर मागची न्हाणी विसरा. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या की तो शॉवर संपला, पुन्हा चालवून बघायचं नाही. तापमान नळानं सांभाळायचं: १२ अंशांचं पाणी मिनिटाला तीन लिटर गेलं तर ३८ पर्यंत तापतं, जास्त सोडलं की कोमट.

रानजाई

मोठीच शिकवणी झाली, आभार! कुकरचा निकाल लावा आता. आणि मिक्सर, चार्जर, रात्रीचं काम?

शिट्टीमोज

कुकर तिथेच घ्या. ओया आ प्रेसियोन म्हणायचं, बाजारात ॲल्युमिनियमचे सगळ्या मापांत असतात. त्यांची शिट्टी थांबून थांबून वाजत नाही, सारखी फुसफुसते, म्हणून मोजण्याच्या भानगडीत पडू नका.

पान्हा

असहमत. दोन महिन्यांसाठी नवा घ्यायचा आणि परत येताना टाकून द्यायचा? तीन लिटरचा आपला कुकर दीड-दोन किलोचा, आत कपडे भरले की जागाही खात नाही. सोबत एक गास्केट आणि एक सेफ्टी वॉल्व्ह. तिथे आपल्या मापाचं गास्केट मिळत नाही. मात्र आधी मालकांना विचारा, त्यांच्याकडे असेल तर प्रश्नच मिटला.

पेरूत २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. घरगुती मिक्सर आणि चार्जर चालतात. तीन पिनांचा भारतीय प्लग बसत नाही, अडॅप्टर न्या. बोलिव्हिया किंवा इक्वाडोरला पुढे जाणार असाल तर इक्वाडोरमध्ये १२० व्होल्ट आहेत, तिथे मिक्सर नुसता घुरघुरेल.

वेळ साडेदहा तास मागे. भारतातले सकाळचे दहा म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. ऑफिस सुटेपर्यंत तिथे उजाडतं. वीज गेली की राउटर जातो, म्हणून पासपोर्ट दाखवून दुकानातून सिम घ्या आणि फोनचं नेट लॅपटॉपला जोडून एकदा आधीच तपासा. मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात, आत सिग्नल मरतो, खिडकीपाशी बसावं लागेल.

खुराडा

जनावरांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

गिनीपिग तिथे पाळीव नसून खाण्यासाठी असतात. तुम्ही शाकाहारी आहात, तर मधल्या काळात एखादा कापायचा किंवा कोणाला द्यायचा आहे का, हे मालकांशी स्पष्ट बोला. मोजून घ्या आणि नर वेगळे आहेत ना बघा, गाभणकाळ सव्वादोन महिन्यांचा, येताना दहाचे पंधरा होऊ शकतात. मोठ्या जनावराला रोज पाव किलोच्या आसपास हिरवा चारा, बहुतेक लसूणघास. कापून अर्धा दिवस सावलीत पसरून सुकवायचा, मग घालायचा. ओला, दवाचा किंवा ढिगात तापलेला घास घातला की पोट फुगून मरतात, हे सगळ्यात जास्त होतं. नुसत्या वाळल्या चाऱ्यावरही ठेवू नका, त्यांना क जीवनसत्त्व बाहेरूनच लागतं. बटाट्याचा पाला आणि मोड आलेली सालं अजिबात नाही. रात्री पिंजऱ्यावर वाऱ्याच्या बाजूनं पोतं टाका.

कुत्र्यांना कच्चं काळीज, फुप्फुस देऊ नका, आणि शेजारी मेंढी कापली जात असेल तेव्हा त्यांना बांधून ठेवा. त्यातून त्यांना फीतकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात गाठी होतात. अँडीजच्या मेंढपाळ भागात हा जुना रोग आहे. जंताचं औषध कधी दिलं, पुढचं कधी, ते मालकांकडून लिहून घ्या, त्यात प्राझिक्वांटेल आहे का ते बघा. कुत्र्यांना हात लावल्यावर साबण. रेबीजच्या लशीचं कार्डही मागून घ्या. रस्त्यावरची कुत्री अंगावर आली तर वाकून दगड उचलल्यासारखं करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कोंबड्या अंधार पडायच्या आत बंद, कोल्हे येतात.

उंबरठा

पाण्याचं राहिलं. नळाचं पाणी तसंच पिऊ नका. दोन हजार मीटरच्या वर खळखळून उकळल्यावर तीन मिनिटं ठेवायचं, खालच्यासारखं एक नाही. नाहीतर पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे बिदोन (मोठे कॅन) बदलून घ्या. पालेभाजी धुवायला बिनवासाचं ब्लीच, प्रमाण बाटलीवर बघून. नळ दिवसातून काही तासच येतो अशी गावं आहेत, टाकीतला फ्लोट अडकलाय का ते आठवड्यातून एकदा वर चढून बघा. पाणी ओसंडून मातीच्या भिंतीच्या पायाशी साचलं तर विटा खालून विरघळतात, गळका नळ त्या घरात दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही. टॉयलेट पेपर भांड्यात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. जेट स्प्रे नसतो, एक टमरेल विकत घ्या.

जून-जुलै कोरडे. दुपारी टी-शर्टवर फिराल आणि रात्री पारा शून्याजवळ येईल. कोवळ्या रोपांवर संध्याकाळी कापड टाका, बागेच्या नळीतलं पाणी काढून ठेवा. लाकडं निलगिरीची असतात, वाळलेलीच जाळा, ओली धुरानं चिमणी कोंदवतात. राख पत्र्याच्या बादलीत, दारापासून लांब.

२४ जूनला कुस्कोत इंती रायमी (सूर्याचा सण) आणि २८-२९ जुलैला त्यांचा स्वातंत्र्यदिन. तेव्हा गाड्या महाग, दुकानं बंद, आणि फटाके. गॅस, धान्य, कुत्र्यांचं खाणं २५ जुलैपर्यंत भरा, त्या दोन रात्री कुत्री घरात. जुलैत घरावर राष्ट्रध्वज लावायला अनेक नगरपालिका सांगतात, नसेल तर दंड करतात, झेंडा कुठल्या कपाटात आहे ते विचारून ठेवा.

आणि व्हिसाचंही बघा: घर सांभाळणं पर्यटक म्हणून चालतं का ते दूतावासाला ईमेलनं विचारून उत्तर छापून ठेवा.

रानजाई

झेंड्याचं डोक्यातही आलं नसतं. एक शेवटचं: अडचणीत कुठे फोन करायचा?

पान्हा

पोलीस १०५, रुग्णवाहिका १०६, आग ११६. ऑपरेटर स्पॅनिशच बोलेल, म्हणून घराचा पत्ता आणि जवळची खूण स्पॅनिशमध्ये लिहून फ्रिजवर चिकटवा. गावातल्या घरांना नंबर नसतात, खूणच लागते. दुखणं मोठं असेल तर उरुबांबाच्या दवाखान्यात न थांबता कुस्को गाठावं लागतं, टॅक्सीवाल्याचा नंबरही त्याच कागदावर.