दोन्ही पालाच की! मग क्रॅटम नको आणि सीबीडी चालेल, हे कसं?

तालमीचा पोरगा (धागा सुरू करणारा)
रविवारी आमच्यात तांबड्या रश्श्यापेक्षा या विषयाला जास्त उकळी आली, म्हणून इथं मांडतोय.

आबा जुने पैलवान, वय ६९. दोन्ही गुडघे गेलेत. जिन्यात कठडा धरून पायरीपायरीला थांबतात, आणि कुणी हात द्यायला गेलं की ओरडतात. मेव्हणा टेक्सासहून आला तो क्रॅटमच्या पावडरीची पिशवी घेऊन. तिकडं पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळते म्हणे. बायकोनं उघडून वास घेतला आणि म्हणाली, "एवढी मेंदी कशाला आणलीसा?" त्याच आठवड्यात धाकट्या भावानं एका वैद्यांची चिठ्ठी घेऊन सीबीडी तेलाची बाटली आणली. दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी. आबा म्हणाले, "दोन्ही पालाच की. एक चालतो तर दुसरा का नको?"

माझं मत सांगतो. क्रॅटम हा थायलंड, मलेशिया, इंडोनेशियातल्या एका झाडाचा पाला. त्यातलं मुख्य द्रव्य मायट्रॅगायनिन. मेंदूत मॉर्फिन ज्या जागी जाऊन बसतं त्याच जागी हे बसतं. मॉर्फिनइतकं पक्कं नाही, अर्धवट बसतं, पण जागा तीच. थोडं घेतलं तर तरतरी, जास्त घेतलं तर गुंगी, रोज घेतलं तर सवय. सीबीडी भांगेच्या झाडातलं खरं, पण नशा आणतं ते टीएचसी, सीबीडी नव्हे. भांगेतल्याच सीबीजी या दुसऱ्या द्रव्याचंही तसंच, नशा न्हाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ साली सीबीडी तपासून सांगितलंय की माणसांत गैरवापराची किंवा सवय लागण्याची चिन्हं दिसत नाहीत. मग दोन्ही एका पंगतीला बसवायची कशाला?

आबांना मी तालमीतलाच दाखला दिला. थंडाईला कुंडीत बदामाबरोबर खसखस घोटता, ती अफूच्याच बोंडातली. बोंडाला चीर देऊन निघतो तो चीक म्हणजे अफू, आणि त्याच बोंडातलं बी आपण पोरांना खाऊ घालतो. झाड एक म्हणून माल एक होत न्हाई. आबा म्हणाले, "मग तुझं तेल चिकातलं का बियातलं?"

मला लगेच उत्तर आलं नाही. असो. तुमचं काय मत?

पेनांगचा पाहुणा
भावा, मी सात वर्षं मलेशियात कामाला होतो. केडाहकडच्या खेड्यात म्हातारी माणसं केतुमचा पाला उकळून पितात, तुमच्याकडं गवती चहा पितात तसा. केतुम म्हणजेच क्रॅटम. रबराच्या मळ्यात, मासेमारीच्या बोटीवर दिवसभर राबणारी माणसं आहेत ही, गर्दुल्ले न्हाईत. थायलंडनं १९४३ साली बंदी घातली. अफूवरच्या सरकारी कमाईला धक्का बसत होता, हे त्यामागचं एक कारण सांगतात. तीच बंदी २०२१ मध्ये त्यांनीच उठवली. मलेशियात २०२० साली २६ पुरुषांवर नीट प्रयोग झालाय. बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावला, आणि क्रॅटम प्यालेल्यांना कळ जास्त वेळ सोसवली. तुमच्या सीबीडीनं सांधेदुखीवर एवढं तरी दाखवलंय का? मॉर्फिनचं नाव काढलं की सगळे घाबरतात. पण आबांचं दुखणं खरं आहे, आणि दुखणं थांबवणारी वस्तू थोडीफार तशीच असणार की!

तालमीचा पोरगा
ते सव्वीसही जण रोज क्रॅटम पिणारेच होते ना? सवयीच्या माणसाला पाजून बघितलं तर काय कळणार? आणि तुम्ही राहिलात त्या मलेशियात केतुम बाळगणं आजही विष कायद्याखाली गुन्हा आहे, ते सांगायचं राहिलं.

पेनांगचा पाहुणा
गुन्हा आहे, कबूल. गुन्हा असणं आणि वाईट असणं यात फरक आहे, एवढंच म्हणणं.

सगळंच थोतांड
दोघंही थांबा. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांधेदुखीच्या आणि सोरायसिसच्या संधिवाताच्या १३६ रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. २०२२ साली निकाल छापला: खोट्या गोळीपेक्षा फरक शून्य. मग व्हिएन्नात खास गुडघेदुखीवाल्यांना पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम दिलं. तिथंही शून्य. तालमीच्या पोरा, "नशा आणत नाही" हे तू "गुण येतो" असं वाचतोयस. पाणीसुद्धा नशा आणत न्हाई. ते ३० मिलीच्या बाटलीत भरून कोण विकत न्हाई, एवढंच.

शिरोळकर बेवड
एक अडाणी शंका. हे सीबीडी हेम्पमधनं काढतात म्हणे. हेम्प म्हणजे ताग ना? आमच्यात उसाच्या आधी ताग पेरतात, फुलाला आला की गाडतात. त्याच्यासारखा बेवड न्हाई. त्यातनं असलं तेल निघत असेल तर गाडतोय कशाला मी?

फुलपान
नाही हो दादा! सीबीडीवाला हेम्प म्हणजे भांगेचंच झाड. तागाला इंग्रजीत सन हेम्प म्हणतात, अंबाडीला डेक्कन हेम्प. दोऱ्याचं पीक दिसलं की गोऱ्यांनी हेम्पचं शेपूट लावलं. ताग शेंगवर्गातला, अंबाडी जास्वंदीच्या घरातली. दोघांचा भांगेशी काही संबंध नाही, सीबीडी तर नाहीच. तुम्ही गाडताय तेच बरोबर.

जाता जाता: क्रॅटमचं मात्र चुलत भावंड आपल्या जंगलात आहे, कळंब. दोघांचा वंश एकच, मित्रागायना. फुलातला एक भाग बिशपच्या टोपीसारखा दिसतो म्हणून ते नाव पडलं. कॉफीही याच कुळातली. म्हणून कुणी कळंबाचा पाला ओरबाडायला जाऊ नका. भावंडं आहेत, गुण सारखे असतीलच असं नाही. आपल्या घरी तरी असतात का?

औषधवाली ताई
मी मेडिकलमध्ये काउंटरवर असते. तालमीचा पोरगा, एवढं लांबलचक लिहिलंत, पण आबा सध्या कुठल्या गोळ्या घेतात हे कुठंच नाही. ते आधी सांगा.

तालमीचा पोरगा
बीपीची मेटोप्रोलॉल. आणि २०१९ ला हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन.

औषधवाली ताई
मग तुमचं अर्धं भांडण इथंच संपलं.

क्रॅटमचं आधी. यकृतात औषधांची विल्हेवाट लावणारी एन्झाइम असतात. त्यातलं सीवायपी २डी६ हे मायट्रॅगायनिन अडवतं, आणि मेटोप्रोलॉल त्याच वाटेनं शरीरातून निघते. वाट अडली की गोळी साचते: नाडी मंदावते, चक्कर येते. जिन्यात थांबणाऱ्या माणसाला चक्कर यायला नको.

आता सीबीडी. त्याला निरुपद्रवी समजू नका. अमेरिकेत २०१८ साली एपिडायोलेक्स नावाचं सीबीडीचं औषध मंजूर झालं, लहान मुलांच्या दोन दुर्धर फिट्सच्या आजारांसाठी. म्हणजे ते खरं औषध आहे, हे थोतांडवाल्यांनीही ऐकावं. पण खऱ्या औषधाचा अपायही खरा असतो. त्या मुलांमध्ये यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या दिसल्या, आणि सोबत फिट्सचीच क्लोबाझाम गोळी असेल तर झोप जास्त येते. वॉरफरिनबरोबर सीबीडी घेतल्यावर आयएनआर चढल्याची नोंद आहे. आयएनआर चढणं म्हणजे रक्त नको तितकं पातळ होणं. व्हॉल्व्हवाल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसते, ते दर महिन्याला बोट टोचून घेतात.

आणि आबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सीबीडी बियात जवळजवळ नसतंच. ते फुलोऱ्यातून, पानातून काढतात. बियांचं तेल वेगळं, ते खाद्यतेल. आपल्याकडं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाण्याला मान्यता दिली. सीबीडीवालं येतं ते "विजया" (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून, आयुर्वेदिक परवान्यावर, वैद्यांच्या चिठ्ठीवर. दोन्ही बाटल्यांवर पान तेच छापतात, गिऱ्हाईक फसतं. माझ्याकडं एक काका बियांचं तेल सहा महिने थेंब मोजून जिभेखाली घेत होते. भाजीत घातलं असतं तरी चाललं असतं.

पेनांगचा पाहुणा
ताई, मेटोप्रोलॉलचं मला ठाऊक नव्हतं. आबांसाठी माझं म्हणणं मागं घेतो. बाकीच्यांसाठी न्हाई.

नाव नको
बाकीच्यांसाठी मी सांगतो. मी स्वतः. परदेशात नोकरीला असताना कंबरदुखीसाठी क्रॅटम सुरू केलं. पहिल्या दिवशी एक चमचा, ताकात ढवळून, कारण कडू जहर असतं. दुसऱ्या वर्षी दिवसाला सात-आठ चमचे. नशा अशी कधी वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपण सगळे नशा म्हणजे झिंग समजतो. फक्त पहाटे चारला पाय आपोआप झटके द्यायला लागायचे आणि चमचाभर घेतल्यावर थांबायचे. तेव्हा कळलं की मी आता कंबरेसाठी घेतच नाहीये.

सोडताना आठवडाभर नाक गळत होतं, अंग मोडून यायचं, झोप नाही. दाराची बेल वाजली तरी रडू यायचं. कोल्हापूरला परत आल्यावर एका डॉक्टरांनी हळूहळू मात्रा कमी करून सोडवलं. पेनांगवाले, तुमचे मळ्यातले म्हातारे ताजा पाला उकळतात, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दुकानात मिळते ती वाळवलेली पूड, अर्क, आणि आता तर नुसत्या ७-हायड्रॉक्सीमायट्रॅगायनिनच्या गोळ्या. पाल्यात हे द्रव्य नावापुरतं असतं आणि मायट्रॅगायनिनपेक्षा कितीतरी जहाल. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०२५ च्या जुलैत त्यावर निर्बंध घालायची शिफारस केली. उसाचा रस आणि हातभट्टी, दोन्ही उसाचीच.

पेनांगचा पाहुणा
हातभट्टीचा दाखला मान्य. त्या गोळ्यांची बाजू मी घेणार न्हाई. पण मग सीबीडीचा अर्क काढणारेही पाल्यापासून लांबच गेले की. तालमीच्या पोरा, तुझ्या बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय?

तालमीचा पोरगा
आत्ता भिंग घेऊन बघितलं. "विजया पत्र अर्क" आहे, खाली तिळाचं तेल. सीबीडी किती, टीएचसी किती, आकडा न्हाई. दुकानात फोन केला, तपासणीचा रिपोर्ट मागितला. म्हणाले, "वरून मागवावा लागेल."

पेनांगचा पाहुणा
बघ. माझ्या पाल्यात काय आहे ते तुला तोंडपाठ, आणि स्वतःच्या बाटलीत काय आहे ते ठाऊक न्हाई.

तालमीचा पोरगा
तुमच्या पाल्याच्या पिशवीवर तरी काय लिहिलंय सांगू? "माणसाने सेवन करण्यासाठी नाही." मेव्हण्यानं ते वाचलंच नव्हतं. म्हणे, सगळ्याच पिशव्यांवर असतं.

सगळंच थोतांड
😂 दोन्ही पिशवीत भरा आणि कचऱ्याच्या गाडीत टाका.

औषधवाली ताई
हसणं नंतर. तालमीचा पोरगा, खरं सांगा, ते तेल अजून बंद आहे की सुरू केलंय?

तालमीचा पोरगा
गुडघ्याला लावतोय.

औषधवाली ताई
फक्त लावताय?

तालमीचा पोरगा
जिभेखाली पण. दोन-दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ. सहा दिवस झाले. वैद्यांना वॉरफरिनचं आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं पण नव्हतं.

औषधवाली ताई
आज रात्रीचे थेंब देऊ नका. वॉरफरिन मात्र मनानं बंद करू नका, नाहीतर व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची. सकाळी पहिलं काम आयएनआर, आणि बाटली घेऊनच हृदयाच्या डॉक्टरांकडं जा. हिरड्यातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी, यातलं काही दिसतंय का?

तालमीचा पोरगा
आत्ता बघून आलो. दंडावर एक डाग आहे, पाच रुपयाच्या नाण्याएवढा. आबा म्हणतात दाराला धडकलो. सकाळी नेतो. उपाशीपोटी लागतं का?

औषधवाली ताई
आयएनआरला उपाशी राहावं लागत नाही, चहा पिऊ दे त्यांना. पण डाग वाढला, दुसरा उठला किंवा डोकं दुखायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.