१९०८ च्या रिलेत हंगेरीचं रौप्य बोडोरने घालवलं का?

मैदानवेडा:
लंडन, व्हाइट सिटी स्टेडियम. ऑलिंपिकमधली धावण्याची पहिलीच रिले. पहिले दोघे २०० मीटर, तिसरा ४००, चौथा ८००. बॅटन नव्हतं, हाताला हात लागला की पुढचा सुटायचा. हंगेरीकडून पाल सिमोन, फ्रिजेश विझनर, योझेफ नॉज आणि शेवटी ओडोन बोडोर. अमेरिका पार पुढे निघून गेली. दुसरा नंबर बोडोरचाच होता, पण जर्मनीच्या हान्स ब्राऊनने अगदी रेषेजवळ त्याला गाठलं आणि हंगेरीला कांस्य मिळालं. आधीच्या तिघांनी जीव तोडून कमावलेलं शेवटच्याने घालवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा गडी:
अजिबात पटत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत मी कायम शेवटचा धावायचो. मागच्याची पावलं कानावर येतात, मान वळवायची नाही हे पाठ असतं, तरी खांदे आवळतातच. आणि ब्राऊन कोण होता ते तरी बघा! त्याच ऑलिंपिकात ८०० च्या फायनलला तो तिसरा आणि बोडोर चौथा, दोघांत जेमतेम दोन दशांश सेकंद. याच ब्राऊनने १९१२ मध्ये ४०० ला रौप्य घेतलं. शेवटच्या पन्नास मीटरला असा गडी मागे असेल तर कोण टिकणार? बोडोर तिथवर पुढे राहिला, याचंच मला कौतुक आहे.

सरळ रेघ:
फायनलला संघ तीनच होते. म्हणजे हंगेरी शेवटची आली. त्या कांस्याला किती मान द्यायचा?

चौथा गडी:
पूर्ण द्यायचा. पहिल्या फेरीत प्रत्येक गटातून एकच संघ पुढे जाणार होता. घरच्या मैदानावर ब्रिटन तिथेच गारद झालं, कारण गाठ अमेरिकेशी पडली. हंगेरीने आपला गट जिंकला. पदक तिथेच कमावलं.

मैदानवेडा:
८०० च्या फायनलचा हिशेब मी धरलाच नव्हता. ‘घालवलं’ हा शब्द मागे घेतो. पण सिमोन आणि विझनरबद्दल इथे अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही. बोडोर निदान हरल्यामुळे तरी आठवतो. दोनशे मीटर धावून हात लावून बाजूला झालेल्या त्या दोघांचं काय?