मदत हवी आहे: आयर्न सल्फाइड चुंबकाला का चिकटतंय?

आठवीच्या वर्गाला मिश्रण आणि संयुग यांतला फरक प्रयोगातून दाखवायचा आहे. लोहकीस ७ ग्रॅम, गंधक ४ ग्रॅम (अणुवस्तुमानं ५६ आणि ३२, म्हणून हे प्रमाण) घोटून परीक्षानळीत तापवलं. मिश्रण लाल धगधगलं, आयर्न सल्फाइडचा (लोह आणि गंधकाच्या संयुगाचा) काळा गोळाही तयार झाला. पण तो कुटून चुंबक फिरवला की बरेच कण चिकटतात. मग संयुगात घटकांचे गुणधर्म उरत नाहीत, हे मुलांना पटणार कसं?

कीस चाळून बारीक घेतला, जास्त वेळ तापवलं, फरक थोडाच. शाळेत फक्त स्पिरिटचा दिवा आहे आणि प्रयोग व्हरांड्यातच करतो. आम्लाची चाचणी नको, त्यात निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी असतो. गंधक जळून उडतं, म्हणून ते जास्त घ्यावं का? घेतलं तर ७ ग्रॅम लोहाला किती?