हिवाळ्यात नॉर्थ सीवर काईटसर्फिंग: सूट कोणता, हातमोजे कसे, आणि फ्लॅटमध्ये सामान वाळवायचं कुठे?

डेल्फ्टचा_विद्यार्थी:
नमस्कार मंडळी. काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काईटच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकणं) गोव्यात मोरजीला शिकलो, तिथे रॅश गार्ड (पाण्यातला पातळ टी-शर्ट) आणि शॉर्ट्सवर भागायचं. आता नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आहे. वजन ७२ किलो, ९ आणि १२ (चौरस) मीटरचे काईट, ४/३ चा वेटसूट (अंगाला ४, हातापायांना ३ मिलिमीटर जाड रबर). ऑक्टोबरपर्यंत निभावलं, पण हिवाळ्यातही थांबायचं नाहीये. ५/४ घेऊ की सरळ ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा)? हातमोजे घातले की बार (काईट चालवायचा दांडा) धरवत नाही. शिवाय पाचव्या मजल्यावर राहतो, ना गच्ची ना अंगण. ओलं सामान वाळवायचं कसं?

हेगची_ताई:
मी हिवाळाभर हेगच्या किनाऱ्यावर, स्खेवेनिंगेनला उतरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुटाच्या आधी हातांचा विचार कर. थंडीत सगळ्यात आधी बोटं जातात, आणि क्विक रिलीज (काईटची ओढ तत्काळ तोडणारी कळ) ओढायला बोटंच लागतात. मध्येमध्ये अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर त्याच क्षणी बाहेर यायचं, वारा कितीही छान असू दे.

इथलं पाणी फेब्रुवारीत ५-६ अंशांवर येतं. त्याला ५/४ किंवा ६/४, हूड आणि ५ मिलिमीटरचे बूट पुरतात. मात्र आपण पोहणारे नाही, अर्धं अंग सतत वाऱ्यात असतं. बाहेरून कापड लावलेला सूट पाणी धरून ठेवतो आणि वारा ते सुकवताना अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून छाती-पाठीवर गुळगुळीत रबराचा भाग असलेला सूट घे, किंवा वरून वाराप्रतिबंधक जाकीट. ड्रायसूट उत्तम, पण आत लोकरीचे थर लागतात आणि मानेची-मनगटाची लॅटेक्स पट्टी नखाने फाटते. पहिल्या हिवाळ्याला मी ५/४ च सांगेन.

हातमोजे जाड घेतले की मूठ आवळायला जास्त जोर लागतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू भरून येतात. ३ मिलिमीटरचे, बोटं आधीच वळवलेले घे. ओढ हार्नेसवर (कमरेच्या पट्ट्यावर) असते, बार नुसता हलका धरायचा. लाईन्स (काईटच्या दोऱ्या) लावताना कोरडे लोकरीचे हातमोजे घाल. निओप्रीनचे (सुटाच्याच रबराचे) शेवटी, त्यात थर्मासमधलं कोमट पाणी ओतून. हात थंड पडले की मोजे त्यांना गरम करत नाहीत, असलेली ऊब फक्त टिकवतात.

आता धुलाई. रिलीजच्या आत अडकलेली वाळू आणि बधिर बोटं एकत्र आली की जीवावर बेततं, म्हणून घरी आल्यावर पहिला बार. बादलीत कोमट गोडं पाणी, त्यात रिलीज बुडवून पुन्हा पुन्हा उघड-बंद कर, तळाशी वाळू दिसेल. तेल किंवा ग्रीस लावू नकोस, वाळू त्याला चिकटून बसते. सूट उलटा करून शॉवरखाली धू, मग कमरेत दुमडून जाड दांडीवर टाक. खांद्यांवर टांगलास तर पाण्याच्या वजनाने ताणला जातो. रेडिएटरवर अजिबात नको, निओप्रीन कडक होतं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि दोन-तीन तासांनी बदल.

मापुशाचा_रहिवासी:
ताईंचं सगळं पटलं. काईटबद्दल थोडं माझं. ओला काईट गुंडाळून पिशवीत ठेवू नकोस, बुरशी धरते. आमच्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. खोलीत पूर्ण पसरता येणार नाही, तर वॉल्व्ह उघडे ठेवून दारावरून सैल टाक आणि थोड्या वेळाने बाजू बदल. मीठ तसंच राहिलं तर पिशवीची चेन गंजते. उन्हाळ्यात मात्र किनाऱ्यावर काईट फडफडत ठेवायचा नाही. ऊन कापडाला खातं.

डेल्फ्टचा_विद्यार्थी:
खूप आभार, ताई आणि दादा. रविवारी अंदाजात पूर्वेचा वारा १८ नॉट्स (ताशी साधारण ३३ किमी) दाखवतोय आणि थंडीही कडक आहे. ९ घेऊन स्खेवेनिंगेनला येऊ का?

हेगची_ताई:
नको रे! मोरजीला दुपारचे खारे वारे तुला किनाऱ्याकडे आणत होते. इथे किनारा वायव्येला तोंड करून आहे. पूर्वेचा वारा जमिनीवरून येतो आणि काही बिघडलं की थेट समुद्रात नेतो. नेमक्या कडाक्याच्या थंडीत हाच वारा वाहतो. नैऋत्येची वाट बघ, आणि एकटा उतरू नकोस. फोन वॉटरप्रूफ पाकिटात अंगावर असू दे, ११२ लावता आला पाहिजे.

काईटच्या मापाचंही सांगते. ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के जड असते, त्यामुळे तेवढ्याच नॉट्समध्ये ओढ जास्त लागते. गोव्यात ज्या वाऱ्याला ९ जेमतेम आवरायचा, त्याला इथे ७ हवा. आणि पंप मारताना हवा कोमट होते, ती गार झाली की दाब उतरतो, तेव्हा उडवण्याआधी गेज परत एकदा बघ. सेकंडहँड ७ मीटरचा मिळाला तर घेण्याआधी फोटो इथे टाक. ब्लॅडरच्या (काईटमधल्या हवेच्या पिशवीच्या) वॉल्व्हपाशी आणि पुढच्या कडेच्या शिवणीवर काय बघायचं ते सांगते.