फोन माझ्या हातात, आवाज मुलाच्या कानात! (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सुनीता काकू, बी-३०२: नमस्कार मंडळी. मोबाइलमधलं कोणाला कळत असेल तर सांगा. फोन माझ्या हातात वाजतो, उचलला की समोरचा माणूस गप्प. मी नुसती हॅलो हॅलो करत बसते. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा ओरडतो, "आई, तुझा फोन माझ्या हेडफोनमध्ये येतोय!" आज तर कहर झाला. त्याची ऑफिसची मीटिंग चालू होती आणि मध्येच वॉचमन, "ताई, सिलेंडरवाला आलाय, वर पाठवू का?"

देशपांडे काका, बी-१०१: ताबडतोब फोन बंद करा. हे हॅकिंग आहे. बँकेचं अ‍ॅप उघडू नका.

शिंदे वहिनी, ए-४०३: काका, उगाच घाबरवू नका हो त्यांना.

देशपांडे काका, बी-१०१: घाबरवत नाही, सावध करतोय.

शिंदे वहिनी, ए-४०३: काकू, सिलेंडरचं काय झालं मग?

सुनीता काकू, बी-३०२: गेला परत. मुलगा काही बोललाच नाही, साहेब समोर होते म्हणे.

निखिल, ए-५०४: काकू, हॅकिंग वगैरे काही नाही. तुमचा फोन दादाच्या लॅपटॉपला कधी जोडला होता का? फोटो वगैरे पाठवायला?

सुनीता काकू, बी-३०२: हो, मंगळागौरीचे फोटो. मोबाइलमध्ये जागाच उरली नव्हती, म्हणून त्यानेच ब्लूटूथने लॅपटॉपवर घेतले. पण ते श्रावणात. आता काय त्याचं?

निखिल, ए-५०४: तिथेच सुरुवात झाली. ब्लूटूथने दोन यंत्रांची एकदा ओळख करून दिली की दोघंही एकमेकांची किल्ली जपून ठेवतात. नंतर जवळ आली की तुम्हाला न विचारता जोडली जातात. आणि आपण ओळख करून देतो फोटोंसाठी, पण जोडताना फोन लॅपटॉपला विचारतो, तुला काय काय येतं? लॅपटॉप म्हणतो, फाइल घेता येते, कॉलचा आवाजही घेता येतो. फोन दोन्ही चालू करून टाकतो. कॉलसाठी आत वेगळी सोय असते, तिला हँड्सफ्री प्रोफाइल म्हणतात. ती जोडली गेली की फोनच्या लेखी दादाचा लॅपटॉप म्हणजे तुम्ही कानात घातलेला इअरफोन. मग कॉल उचलल्यावर आवाज तिकडे पाठवणं हे त्याच्या मते बरोबरच आहे.

दादाच्या लॅपटॉपवर विंडोज आहे ना? त्यात फोन लिंक नावाचं अ‍ॅप असतं. आधी त्याचं नाव युअर फोन होतं, २०२२ मध्ये बदललं. ते कॉम्प्युटरवरून कॉल घ्यायला ह्याच ब्लूटूथचा वापर करतं. सेटअप करताना कोणीतरी 'पुढे, पुढे' दाबत गेलं की कॉलची परवानगी दिली जाते.

सुनीता काकू, बी-३०२: कोणीतरी म्हणजे आमचे चिरंजीव. फोटो घेताना त्यानेच माझ्या फोनवर बरंच काही दाबलं होतं.

सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी ११ ते दुपारी २ टाकी साफ करायची आहे, पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवावे.

शिंदे वहिनी, ए-४०३: परत शनिवारच का निवडता हो? असो. काकू, ब्लूटूथच बंद करून टाका ना. झंझटच नको.

सुनीता काकू, बी-३०२: अगं, मुलीने पावलं मोजायचं घड्याळ दिलंय. ते ब्लूटूथवरच चालतं. बंद केलं की ती तिकडून नागपूरहून विचारते, आई आज चाललीस की नाही?

निखिल, ए-५०४: आणि बंद करायची गरजही नाही. काकू, आधी तात्पुरता उपाय, म्हणजे आज कोणाचा फोन आला तर अडायला नको. कॉल चालू असताना स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह असतं ना, ते दाबा. ब्लूटूथ जोडलेलं असेल तर तिथे छोटी यादी उघडते: फोन, स्पीकर आणि लॅपटॉपचं नाव. त्यातल्या 'फोन'वर बोट ठेवा. आवाज लगेच हातातल्या फोनमध्ये येईल.

आता कायमचा. सेटिंगमध्ये जा, ब्लूटूथ किंवा 'कनेक्टेड डिव्हायसेस' उघडा. जोडलेल्या यंत्रांची यादी दिसेल. लॅपटॉपच्या नावाशेजारी दातेरी चाक आहे, ते दाबा. आत 'फोन कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' असं लिहिलेलं असेल. काही फोनांत नुसतं 'कॉल्स' आणि 'ऑडिओ'. दोन्ही बंद करा. 'कॉन्टॅक्ट्स' असं दिसलं तर तेही बंद करा. लॅपटॉप ऑफिसचा आहे, तुमच्या मैत्रिणींचे नंबर त्यात कशाला हवेत? फोटो पाठवणं मात्र चालू राहील.

सुनीता काकू, बी-३०२: दातेरी चाक सापडलं. कॉल्स आणि ऑडिओ, दोन्हींपुढे निळं आहे.

निखिल, ए-५०४: ते निळं राखाडी करा.

देशपांडे काका, बी-१०१: एक शंका. माझा जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा होता. त्यावर मी मोबाइलमधली गाणी लावायचो, कॉम्प्युटरच्या मोठ्या स्पीकरवर. नवीन घेतला तर ते होईना. दुकानदार म्हणाला, असं काही नसतंच. मी म्हटलं, अरे मी वर्षानुवर्षं ऐकलंय!

निखिल, ए-५०४: काका, तुम्ही बरोबर होतात. विंडोज ७ मध्ये ती सोय होती, विंडोज ८ मध्ये काढून टाकली. मग बऱ्याच वर्षांनी विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटमध्ये परत आणली. पण आता त्यासाठी स्टोअरमधून वेगळं छोटं अ‍ॅप टाकावं लागतं, ते उघडून जोडलं की गाणी वाजतात. म्हणून विंडोजवर सहसा कॉलच पळून जातात, गाणी नाही. गाणीही आपोआप वाजत असतील तर समजायचं की तसं अ‍ॅप कोणीतरी टाकलंय.

आरव, ए-२०२: दादा, माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्यावर अ‍ॅप न टाकता सगळं वाजतं. मम्मीचा फोन मी एकदाच जोडला होता, नेट घ्यायला. आता लेक्चर चालू असताना तिच्या रील्सचा आवाज माझ्या स्पीकरमधून येतो. काल साबुदाणा वड्याची रेसिपी आली.

निखिल, ए-५०४: लिनक्स बहुतेक वेळा मुळातच स्पीकरचं काम करायला तयार असतो. तुझ्याकडे कॉन्फिग फाइलमध्ये भूमिका बदलता येतात, पण कशाला डोकं लावतोस? मम्मीच्या फोनवर तुझ्या लॅपटॉपपुढचं 'मीडिया ऑडिओ' बंद कर. नेट तसंच चालू राहील.

आरव, ए-२०२: वडे मात्र बंद होणार 😀

मेघना, सी-२०३: माझं वेगळंच आहे. आयफोन आहे. झोपताना मी वरून बोट ओढून ब्लूटूथ बंद करते. सकाळी उठते तर चालू! ह्यांना वाटतं मीच करते आणि विसरते.

निखिल, ए-५०४: तुम्ही विसरत नाही ताई. आयफोनमध्ये त्या वरच्या पॅनेलमधून बंद केलं की ब्लूटूथ खरं बंद होतच नाही. जोडलेली यंत्रं तेवढी सुटतात आणि पहाटे ५ वाजता फोन पुन्हा जोडायला मोकळा होतो. खरोखर बंद करायचं तर सेटिंग उघडून ब्लूटूथच्या पानावरून करायचं. अँड्रॉइड १५ मध्येही 'उद्या आपोआप चालू करा' असा पर्याय आलाय, तो ज्यांना नको त्यांनी बघून घ्या.

मेघना, सी-२०३: पहाटे ५! हे मी ह्यांना आत्ताच्या आत्ता दाखवते. पण मग ब्लूटूथ बंद असतानाही माझा मॅक, म्हणजे अ‍ॅपलचा कॉम्प्युटर, वाजतो तो कसा?

निखिल, ए-५०४: तो ब्लूटूथचा विषयच नाही. फोन आणि मॅक एकाच अ‍ॅपल खात्यावर असले की कॉल वायफायवरून मॅकवर जातो. आयफोनच्या सेटिंगमध्ये फोनच्या पानावर 'कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस' आहे, नवीन आवृत्तीत ते पान 'अ‍ॅप्स'च्या आत गेलंय. तिथे मॅकपुढची खूण काढा. त्या प्रकाराला ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही, लोक तिथेच फसतात.

सुनीता काकू, बी-३०२: निखिल, दोन्ही राखाडी केलं. शिंदे वहिनींना मिस्ड कॉल दिला, त्यांनी परत केला, आवाज फोनमध्येच आला. मुलगा विचारतोय, लॅपटॉपवरही काही करू का?

निखिल, ए-५०४: फोन लिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉल्स बंद करायला सांगा, म्हणजे ते पुन्हा मागे लागणार नाही. लॅपटॉप स्वतःचा असता तर मी आणखी एक सांगितलं असतं. ब्लूटूथच्या पानावर खाली 'मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज' असतं, तिथे फोनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस. त्या यादीत ऑडिओ आणि हँड्सफ्रीपुढच्या टिक काढता येतात. पण त्याला अ‍ॅडमिन पासवर्ड लागू शकतो आणि ऑफिसच्या यंत्रात एवढं खोल हात घालू नये. फोनच्या बाजूने बंद केलंय तेवढं पुरे.

शिंदे वहिनी, ए-४०३: आमच्याकडे लॅपटॉपमधून फोनचं नाव काढूनच टाकलं होतं. तरी फोन सारखा जोडायला बघायचा.

निखिल, ए-५०४: कारण एकाच बाजूने काढलं असणार. किल्ली दोघांकडे असते. लॅपटॉपवर 'रिमूव्ह' आणि फोनवर 'फर्गेट', दोन्ही करावं लागतं. एका बाजूला राहिली तर फोन धडका मारत राहतो, आणि पुन्हा जोडायला गेलं तरी अडकतं.

देशपांडे काका, बी-१०१: आता माझं ऐका. आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली बरोबर आमचीच गाडी. मी खिडकीशी बसून फोनवर बोलत असतो आणि मध्येच आवाज गायब. खाली बघतो तर सूनबाईने गाडी काढायला घेतलेली. माझ्या मित्राच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत तिने गाडीत ऐकली.

मेघना, सी-२०३: 😀😀

निखिल, ए-५०४: साधारण १० मीटरपर्यंत ब्लूटूथ पोचतं, त्यामुळे पहिला मजला सहज टप्प्यात येतो. गाडी सुरू झाली की ओळखीचा फोन शोधते, तिला तुमचा सापडला. तुम्ही स्वतः गाडी चालवता का काका?

देशपांडे काका, बी-१०१: रविवारी, मंडईपर्यंत.

निखिल, ए-५०४: मग तुमच्या फोनवर गाडीच्या नावापुढचं 'फोन कॉल्स' बंद करा, 'मीडिया ऑडिओ' राहू द्या. म्हणजे गाडीत गाणी लागतील आणि कॉल फोनमध्येच येतील. गाडी चालवताना ते उचलू नका म्हणजे झालं. आणि सूनबाईंचा फोन गाडीच्या स्क्रीनवर पहिल्या पसंतीला लावता येतो का ते बघायला सांगा, बऱ्याच गाड्यांत ती सोय असते.

देशपांडे काका, बी-१०१: गाडी आत्ता खालीच आहे. सूनबाई आली की लावून घेतो. माझा फोन स्क्रीनवर कितव्या नंबरला आहे तेही बघतो.

सेक्रेटरी: काका, पार्किंगमध्ये जाताच आहात तर बघून सांगा, टँकर वळायला जागा आहे का. सी विंगची पांढरी गाडी अजून तशीच आडवी लावलेली आहे.